ॲलन पेज: बचाव फळीपासून न्यायासनापर्यंत (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

ॲलन पेज यांच्याबद्दल एकदा ओझरतं लिहिलं होतं. तेव्हापासून प्रश्न येताहेत ते थांबलेले नाहीत. काही अमेरिकेतल्या आईवडिलांचे असतात: मुलगा शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघात 'डी-लाइन'वर, म्हणजे बचाव फळीत, खेळतो, पण तो तिथे नेमकं काय करतो हे त्यांना उमगत नाही. काही इथल्या वाचकांचे असतात. फुटबॉल खेळणारा माणूस न्यायमूर्ती कसा झाला, हे त्यांना जाणून घ्यायचं असतं. दोन्ही प्रकारचे प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत. आधी सोपे, मग अडचणीचे.

१. ॲलन पेज म्हणजे कोण?

अमेरिकेच्या एनएफएल या व्यावसायिक फुटबॉल लीगमध्ये १९६७ ते १९८१ अशी पंधरा वर्षं बचाव फळीत खेळलेले खेळाडू. आधी मिनेसोटा व्हायकिंग्स, मग शिकागो बेअर्स. १९७१ साली ते लीगचे सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरले, १९८८ मध्ये प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे या खेळातल्या दिग्गजांच्या सन्मान-दालनात, गेले आणि १९९३ पासून २०१५ पर्यंत मिनेसोटा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती होते. त्या न्यायालयात बसलेले ते पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती.

२. डिफेन्सिव्ह लाइनमन करतो काय? आम्हाला फक्त चेंडू फेकणारा आणि झेलणारा कळतो.

प्रत्येक बाजूला अकरा खेळाडू. चेंडू ज्यांच्याकडे आहे त्यांना चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं असतं. त्यांचा मेंदू म्हणजे क्वार्टरबॅक. तो मागे उभा राहून चेंडू कुणाला द्यायचा ते ठरवतो आणि त्याला जपायला समोर पाच धिप्पाड गडी भिंत करून उभे असतात. त्या भिंतीसमोर हात जमिनीला टेकवून वाकलेले साधारण चार जण दिसतात, ती बचावाची फळी. कडेच्या दोघांना एंड म्हणतात, मधल्या दोघांना टॅकल. पेज उजव्या बाजूचे टॅकल.

कबड्डीच्या भाषेत सांगायचं तर चढाईवाल्याची पकड करायची आहे, पण त्याच्यापर्यंत पोचण्याआधी शंभर-सव्वाशे किलोच्या माणसांमधून वाट काढायची आहे, आणि हातात जेमतेम तीन सेकंद आहेत. क्वार्टरबॅकने चेंडू फेकण्याआधीच, खेळ जिथून सुरू झाला त्या रेषेमागे त्याला पाडलं तर त्याला सॅक म्हणतात. सॅक डोळ्यांत भरतो. मधल्या टॅकलचं बरंचसं काम मात्र कुणाला दिसत नाही. दोघांना आपल्या अंगावर घेऊन शेजाऱ्याला मोकळी वाट करून देणं, चेंडू घेऊन मधून घुसणाऱ्याचा रस्ता बंद करणं हे सगळं त्या कामात येतं. तुमच्या मुलाचं नाव मैदानावरच्या ध्वनिक्षेपकावर फारसं ऐकू येत नसेल, तर तो खेळत नाही असं समजू नका.

३. पेज यांचं वजन एवढं कमी कसं? आजचे टॅकल तर डोंगरासारखे असतात.

उंची ६ फूट ४ इंच, वजन ऐन भरात साधारण १११ किलो. आज त्या जागेवर १३५ किलोच्या खाली क्वचितच कुणी दिसतं. पेज यांचं हत्यार होतं पहिलं पाऊल. चेंडू हलला की समोरचा सरळ उभा राहायच्या आत ते त्याच्या खांद्याशेजारून निघून गेलेले असत. जुन्या चित्रफिती पाहिल्या की वाटतं, यांना चेंडू कधी हलणार हे आधीच ठाऊक होतं. ते फक्त चेंडूकडे पाहत आणि इतरांपेक्षा आधी हलत. एवढ्या साध्या गोष्टीवर माणूस पंधरा वर्षं टिकतो, हे मला आजही थक्क करतं.

त्या काळचे नियमही वेगळे होते. बचावाच्या खेळाडूला समोरच्याच्या शिरस्त्राणावर चापट मारून त्याचा तोल घालवायची मुभा होती. ती १९७७ मध्ये बंद झाली. १९७८ पासून आक्रमक फळीला हात लांब करून, पंजा उघडा ठेवून अडवायला परवानगी मिळाली. त्यानंतर केवळ चपळाईवर आत शिरणं कठीण झालं आणि अंगापिंडाला महत्त्व आलं.

४. ते ज्या इमारतीत सन्मानित झाले ती त्यांनीच बांधली, हे खरं का?

खरं आहे, फक्त 'बांधली' याचा अर्थ नीट घ्यायला हवा. पेज यांचा जन्म ७ ऑगस्ट १९४५ चा, ओहायो राज्यातल्या कँटन गावचा. पुढे एनएफएल झालेली संघटना १९२० मध्ये याच गावात स्थापन झाली, म्हणून हॉल ऑफ फेमही तिथेच उभारायचं ठरलं. बांधकाम १९६२ मध्ये सुरू झालं. शाळकरी वयाचे पेज तिथे मजुरीला होते. पंचवीस वर्षांनी ते त्याच दारातून सन्मानासाठी आत गेले.

कँटन हे पोलाद कारखान्यांचं गाव. शाळा संपली की बहुतेक मुलं तिकडेच वळायची, आणि रोज तेच ते काम करण्यात आपलं आयुष्य जाऊ नये असं पेज यांना लहानपणापासून वाटत होतं. तेरा वर्षांचे असताना आई गेली. वकील व्हायचं मात्र त्यांनी प्राथमिक शाळेतच ठरवलं होतं. फुटबॉल आयुष्यात आला तो त्यानंतर. पुढची सगळी उत्तरं वाचताना हा क्रम ध्यानात ठेवा.

५. व्हायकिंग्समध्ये त्यांची निवड कशी झाली?

एनएफएलमध्ये खेळाडू संघ निवडत नाही, संघ खेळाडू निवडतात. दरवर्षी कॉलेज संपवणाऱ्या खेळाडूंची पाळीपाळीने निवड होते, तिला ड्राफ्ट म्हणतात. पेज नोत्र दाम विद्यापीठात राज्यशास्त्र शिकले आणि १९६६ च्या राष्ट्रीय विजेत्या संघात एंड म्हणून खेळले. १९६७ च्या ड्राफ्टमध्ये व्हायकिंग्सनी त्यांना पहिल्या फेरीत, पंधराव्या क्रमांकावर घेतलं. त्याच वर्षी बड ग्रँट संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. पेज यांना कडेवरून मध्ये, टॅकलच्या जागी आणलं गेलं आणि पहिल्याच हंगामात ती जागा त्यांची झाली.

६. 'पर्पल पीपल ईटर्स' हे काय प्रकरण आहे?

व्हायकिंग्सचा रंग जांभळा. १९५८ साली याच नावाचं एक विनोदी गाणं अमेरिकेत गाजलं होतं, त्यावरून बचावाच्या चौघांना हे नाव पडलं: कार्ल एलर, गॅरी लार्सन, ॲलन पेज आणि जिम मार्शल. पुढे लार्सनच्या जागी डग सदरलंड आले. चौघांचा आपसातला मंत्र होता, 'क्वार्टरबॅकपाशी भेटू'. १९६९ च्या हंगामात या संघाने चौदा सामन्यांत मिळून फक्त १३३ गुण दिले. सामन्यामागे दहासुद्धा नाहीत.

७. १९७१ चा पुरस्कार एवढा मोठा का मानतात?

असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेचा सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान आक्रमण करणाऱ्यांनाच मिळायचा, त्यातही मुख्यत्वे क्वार्टरबॅकला. १९७१ मध्ये तो पहिल्यांदा बचावाच्या खेळाडूकडे गेला. त्यानंतर आजवर बचाव खेळाडूंपैकी फक्त एकाला, १९८६ मध्ये लॉरेन्स टेलरला, तो मिळाला आहे. इतक्या वर्षांत दोघेच. आणि टेलर लाइनबॅकर, म्हणजे फळीच्या मागून धावत येणारा. हात जमिनीला टेकवून सुरुवात करणारा, दाटीत मधोमध खेळणारा टॅकल म्हणाल तर पेज एकटेच.

त्या हंगामातल्या डेट्रॉइटविरुद्धच्या सामन्याची चित्रफीत जरूर पाहा. पंचांनी लागोपाठ दोनदा त्यांच्याविरुद्ध शिट्टी फुंकली. पेज चिडले, आणि मग काही वेळ तो सामना डेट्रॉइटचं आक्रमण विरुद्ध एकटे ॲलन पेज असा चालला.

८. त्यांचे सॅक किती? कुठे १७३ दिसतात, कुठे साडेएकशे अठ्ठेचाळीस, तर लीगच्या यादीत नावच नाही.

तिन्ही ठिकाणी चूक कुणाचीच नाही. लीगने सॅकची अधिकृत मोजणी १९८२ मध्ये सुरू केली. पेज १९८१ मध्ये निवृत्त झाले, म्हणून अधिकृत यादीत त्यांच्या नावावर काही नाही. १७३ हा आकडा जुन्या नोंदींवरून पुढे आला. नंतर संशोधकांनी सामन्यांचे तपशील एकेक करून तपासले तेव्हा बेरीज १४८.५ निघाली: व्हायकिंग्सकडून १०८.५, बेअर्सकडून ४०. अर्धा सॅक म्हणजे दोघांनी मिळून पाडलेला. लिहिताना मी १४८.५ वापरते आणि 'अनधिकृत' हा शब्द सोबत ठेवते.

आणखी एक आकडा याच्याइतकाच मोलाचा आहे, पण त्याची चर्चा कमी होते. त्यांनी समोरच्या संघाच्या तब्बल २८ किक अडवल्याचं मानलं जातं.

९. एकही सामना चुकवला नाही, हे कसं शक्य आहे?

हिशेब करून पाहा. १९६७ ते १९७७ हे अकरा हंगाम, प्रत्येकी चौदा सामने: १५४. १९७८ पासून हंगाम सोळा सामन्यांचा झाला. चार हंगामांचे ६४. बेरीज २१८, आणि पेज २१८ सामने खेळले. यात प्ले-ऑफ, म्हणजे हंगामानंतरचे बाद फेरीचे सामने, धरलेले नाहीत. १९७८ मध्ये हंगामाच्या मध्यात संघ बदलूनही (प्रश्न १४) साखळी तुटली नाही. रोज अंगावर दोन-दोन माणसं झेलणाऱ्या जागेवर हे घडलं. कसं, याचं एक उत्तर देता येत नाही. शरीराची निगा, खेळण्याची पद्धत आणि नशीब, तिन्ही लागतं.

१०. चार सुपर बोल खेळले आणि चारही हरले. म्हणजे विजेतेपद एकही नाही?

सुपर बोल म्हणजे हंगामाचा सर्वात मोठा, अंतिम सामना. त्यातली हार खरी आहे. जानेवारी १९७० मध्ये कॅन्सस सिटीकडून, १९७४ मध्ये मायामीकडून, १९७५ मध्ये पिट्सबर्गकडून, १९७७ मध्ये ओकलंडकडून. पण 'एकही नाही' हे बरोबर नाही. १९६९ च्या हंगामात एनएफएल आणि एएफएल या दोन लीग अजून वेगळ्या होत्या. व्हायकिंग्सनी क्लीव्हलँडला २७-७ असं हरवून एनएफएलचं विजेतेपद जिंकलं आणि मग एएफएलच्या विजेत्याशी सुपर बोल खेळले. दोन्ही लीग एक होण्याआधीचं ते एनएफएलचं शेवटचं विजेतेपद.

११. लाइनमनला ८८ क्रमांक कसा? आमच्या मुलाला तर प्रशिक्षक देत नाहीत.

कोणत्या जागेवरच्या खेळाडूने कोणता क्रमांक घालायचा, याचे नियम १९७३ मध्ये कडक झाले. जे आधीपासून खेळत होते त्यांना आपला क्रमांक ठेवता आला. म्हणून पेज यांचा ८८ टिकला. शिकागोत मात्र पेज यांनी ८२ घातला. व्हायकिंग्सनी ८८ आता कायमचा निवृत्त केला आहे.

१२. त्यांची करंगळी काटकोनात वाकलेली दिसते. फोटोतली करामत का?

नाही. खेळताना बोट पुन्हा पुन्हा निखळलं आणि तसंच राहिलं. शाळेतली मुलं सगळ्यात आधी त्याबद्दलच विचारतात. म्हणून त्यांनी मुलगी केमी हिच्यासोबत त्या करंगळीवर मुलांसाठी एक पुस्तकच लिहिलं.

१३. खेळत असताना कायद्याचं शिक्षण कसं घेतलं?

पहिला प्रयत्न फसला. व्यावसायिक खेळाच्या पहिल्या हंगामानंतर त्यांनी एका लॉ कॉलेजात नाव घातलं आणि काही आठवड्यांत सोडून दिलं. १९७५ मध्ये, लीगमधल्या सर्वात भीतीदायक खेळाडूंपैकी एक असताना, ते मिनेसोटा विद्यापीठात पुन्हा पहिल्या वर्षाला बसले. सराव, सामने, प्रवास आणि त्यात वर्ग, वाचन, परीक्षा. १९७८ मध्ये पदवी घेतली. १९७९ पासून मिनियापोलिसमध्ये वकिलीही सुरू केली, हंगाम नसेल तेव्हा. खेळाडूंच्या संघटनेतही ते संघाचे प्रतिनिधी होते. १९७४ मध्ये खेळाडूंनी सराव शिबिरांवर बहिष्कार टाकला तो त्यांच्याच कारकिर्दीतला. हक्क, करार, नियम हे विषय त्यांना वर्गाबाहेरही भेटत होते.

१४. इतक्या मोठ्या खेळाडूला व्हायकिंग्सनी काढून का टाकलं?

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच, आणि उत्तराची सुरुवात होते घरातून. पत्नी डायेन सिगारेट सोडण्यासाठी धावू लागल्या, पेज त्यांना सोबत करायला जाऊ लागले. हळूहळू तेच धावण्यात रमले. लांब पल्ल्याचं धावणं आणि लाइनमनचं शरीर एका जागी नांदत नाहीत. वजन उतरत १०० किलोच्या आसपास आलं. त्यात १९७८ चे नवे नियम (प्रश्न ३).

संघाचं म्हणणं होतं की एवढ्या वजनात या जागेवर खेळता येत नाही. पेज यांना ते मान्य नव्हतं. १९७८ च्या हंगामातले सहा सामने झाल्यावर संघाने त्यांना सोडलं. लीगची पद्धत अशी की सोडलेला खेळाडू आधी 'वेव्हर'वर जातो आणि दुसरा कोणताही संघ ठरावीक शुल्क भरून त्याला घेऊ शकतो. बेअर्सनी ते भरलं: १०० डॉलर.

दोन बाजू समजून घेतल्या तरी माझं मत लपवत नाही. संघाने वजनाचा काटा पाहिला, खेळाडू पाहिला नाही. असं का म्हणते, ते पुढच्या उत्तरात वाचा.

१५. शिकागोत काय झालं?

साडेतीन हंगामांपेक्षा थोडं जास्त, ५८ सामने, ४० सॅक. त्याच हलक्या शरीराने. बेअर्सचे मुख्य प्रशिक्षक नील आर्मस्ट्राँग (चंद्रावर गेलेले नव्हेत) आणि बचावाचे प्रशिक्षक बडी रायन दोघेही पूर्वी व्हायकिंग्समध्ये होते, त्यामुळे त्यांना हा माणूस नेमका काय करू शकतो हे ठाऊक होतं. १९७९ मध्ये पेज यांनी मॅरेथॉन पूर्ण केली. एनएफएलमध्ये खेळत असताना ती पूर्ण करणारे ते पहिले खेळाडू. डिसेंबर १९८१ मध्ये शेवटचा सामना खेळले, त्यात साडेतीन सॅक केले आणि थांबले.

१६. हॉल ऑफ फेमच्या भाषणाची एवढी आठवण का काढतात?

तिथे सन्मानित खेळाडूची ओळख करून द्यायला सहसा जुना प्रशिक्षक, संघमालक किंवा घरचं माणूस येतं. १९८८ मध्ये पेज यांनी विलारीन बीझली यांना बोलावलं. त्या मिनियापोलिसच्या नॉर्थ हायस्कूलच्या मुख्याध्यापिका होत्या, फुटबॉलशी काही संबंध नाही. मग पेज खेळाबद्दल फार बोललेच नाहीत, बोलले शिक्षणाबद्दल.

त्यामागे एक प्रसंग होता. संघाच्या बैठकीत प्रशिक्षकांनी डावपेचांची वही खेळाडूंकडून मोठ्याने वाचून घेतली, तेव्हा पेज यांच्या लक्षात आलं की काही सहकाऱ्यांना नीट वाचताच येत नाही. शाळा झाली होती, कॉलेज झालं होतं, व्यावसायिक करार झाला होता. खेळतोय ना, मग वाचता आलं नाही तरी चालेल, असं म्हणत प्रत्येकाने त्यांना पुढे ढकललं होतं. ज्या आईवडिलांची मुलं आज खेळतात त्यांनी हा प्रसंग दोनदा वाचावा, अशी मनापासून विनंती.

१७. न्यायाधीश म्हणून 'निवडून आले' म्हणजे? न्यायाधीशांची निवडणूक असते?

मिनेसोटात असते. पक्षाच्या चिन्हाशिवाय, सहा वर्षांसाठी. आणि 'सर्वोच्च न्यायालय' म्हणजे इथे राज्याचं. अमेरिकेत प्रत्येक राज्याची स्वतःची न्यायव्यवस्था असते आणि तिच्या शिखरावरचं न्यायालय. आपल्या उच्च न्यायालयाशी तुलना केली तर कल्पना येईल. सात न्यायमूर्तींचं हे पीठ. पेज १९८५ पासून राज्याच्या ॲटर्नी जनरलच्या, म्हणजे मुख्य कायदा अधिकाऱ्याच्या, कार्यालयात होते, १९९२ मध्ये निवडून आले आणि १९९८, २००४, २०१० मध्ये पुन्हा. सत्तरीला निवृत्ती सक्तीची, म्हणून २०१५ मध्ये उतरले.

१८. निवडणूक लढवण्यासाठी त्यांना खटला भरावा लागला होता का?

हो. १९९२ मध्ये ज्या जागेची निवडणूक व्हायची होती तिथल्या न्यायमूर्तींची मुदत राज्यपालांनी वाढवली, त्यामुळे मतदानच टळत होतं. पेज न्यायालयात गेले. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना स्वतःच्याच जागांबद्दल निर्णय देणं योग्य नव्हतं, म्हणून निवृत्त न्यायाधीशांचं खास पीठ बसलं. त्यांनी पेज यांच्या बाजूने कौल दिला आणि निवडणूक झाली.

१९. फुटबॉलमधून न्यायमूर्ती झालेले ते पहिलेच का?

नाही, इथे अनेकांची गल्लत होते. बायरन व्हाइट १९३८ मध्ये पिट्सबर्गकडून आणि १९४०-४१ मध्ये डेट्रॉइटकडून खेळले, आणि १९६२ मध्ये अध्यक्ष केनेडींनी त्यांना देशाच्या सर्वोच्च न्यायालयात नेमलं. ते नियुक्त, पेज निवडून आलेले; ते देशाच्या न्यायालयात, पेज राज्याच्या (प्रश्न १७). व्हाइट कॉलेज फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये आहेत. व्यावसायिक खेळाच्या हॉल ऑफ फेममध्ये आहेत ते पेज.

२०. पेज फाउंडेशन काय करतं?

ॲलन आणि डायेन यांनी १९८८ मध्ये पेज एज्युकेशन फाउंडेशन सुरू केलं. मिनेसोटातल्या कृष्णवर्णीय आणि इतर अल्पसंख्य समाजांतल्या मुलांना ते पुढच्या शिक्षणासाठी शिष्यवृत्ती देतं. अट एकच, आणि ती मला फार आवडते: शिष्यवृत्ती घेणाऱ्याने लहान मुलांना शिकवायला, त्यांच्यासोबत बसायला वेळ द्यायचा. आजवर हजारो विद्यार्थी यातून गेले. २०२० मध्ये पेज यांनी नील काश्कारी यांच्यासोबत आणखी एक प्रस्ताव मांडला, की दर्जेदार सार्वजनिक शिक्षण हा मिनेसोटा राज्याच्या घटनेने दिलेला हक्क असावा. काश्कारी मिनियापोलिसच्या फेडरल रिझर्व्ह बँकेचे अध्यक्ष, मूळ काश्मिरी कुटुंबातले.

२१. त्यांच्या नावाची शाळा आहे ना?

आहे, मिनियापोलिसमध्ये: जस्टिस पेज मिडल स्कूल. आधी ती अलेक्झांडर रॅमसी यांच्या नावाची होती. १८६२ मध्ये राज्यपाल असताना तिथल्या मूळ रहिवासी डकोटा लोकांना नष्ट करा नाहीतर राज्याबाहेर हाकला, असं म्हणणारे ते हेच. विद्यार्थ्यांनीच नाव बदलायची मोहीम चालवली आणि २०१७ मध्ये नवं नाव लागलं.

२२. निवृत्तीनंतरचं काय?

जानेवारी २०१८ मध्ये मिनियापोलिसच्या मध्यवर्ती ग्रंथालयात पेज दांपत्याच्या संग्रहातल्या वस्तूंचं प्रदर्शन भरलं. गुलामगिरीच्या आणि वर्णभेदाच्या काळातल्या वस्तू त्यांनी वर्षानुवर्षं जमवल्या होत्या. त्याच वर्षीच्या शरद ऋतूत डायेन गेल्या, आणि काही आठवड्यांनी, नोव्हेंबरमध्ये, पेज यांनी प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम हा अमेरिकेचा सर्वोच्च नागरी सन्मान स्वीकारला.

आणि हो, मिनियापोलिसच्या मॅरेथॉनमध्ये धावणाऱ्यांपैकी एकाने विचारलं होतं, की वाटेत तळ्याकाठी बो-टाय लावून भलंमोठं पितळी सूझाफोन वाजवणारे उंच गृहस्थ कोण? तेच ते. धावणाऱ्यांना हुरूप यावा म्हणून वाजवायचे.